विल्बर राइट : मोडलं की जोडणारा माणूस

राइट बंधूंचा तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिलाच असेल. वाळूवरून जेमतेम वर आलेलं विमान, त्यात पालथा झोपलेला ऑर्विल आणि उजवीकडे धावता धावता थबकलेला एक माणूस. तो थोरला भाऊ, विल्बर. मला उडणाऱ्यापेक्षा हा जमिनीवरचा माणूस जास्त आवडतो आणि त्याला कारण आहे आमचा एरोमॉडेलिंग क्लब.

ज्यांनी कंट्रोल लाइन विमान पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. उडवणारा मधोमध उभा असतो. त्याच्या हातातल्या हँडलपासून विमानापर्यंत दोन बारीक तारा जातात आणि विमान त्याच्याभोवती गोल फिरतं. तारा ओढल्या की आतली बेलक्रँक हलते आणि शेपटीचा एलिव्हेटर वरखाली होतो. हे विमान पडलं की बहुधा नाकावर आपटतं. मग गवतातून बाल्साचे तुकडे वेचा, सुटलेल्या रिब चिकटवा, वाकलेला पुशरॉड सरळ करा. उडवण्यापेक्षा जोडण्यातच आमचा जास्त वेळ जातो. अशा वेळी विल्बर फार जवळचा वाटतो, कारण त्याचं अख्खं आयुष्यच या कामात गेलं.

त्याचा जन्म १६ एप्रिल १८६७ चा, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. वडील चर्चमध्ये बिशप. पण हातातली कला आईची. खेळणी, घरातल्या वस्तू ती स्वतः बनवायची. विल्बर अभ्यासात हुशार, येल विद्यापीठात जायचं घाटत होतं. १८८५-८६ च्या हिवाळ्यात बर्फावर हॉकी खेळताना त्याच्या तोंडावर काठी बसली आणि पुढचे दात गेले. नंतर तब्येतही ढासळली. येल राहिलंच, तो जवळजवळ तीन वर्षं घरात बसून होता. आईला क्षय झाला होता, तिची सेवा त्यानेच केली. १८८९ मध्ये ती गेली. (आपण एक केटी लागली की आभाळ कोसळल्यासारखं करतो!) त्या वर्षांत त्याने वडिलांच्या कपाटातली पुस्तकं मात्र वाचून काढली.

१८९२ मध्ये दोघा भावांनी डेटनला सायकलचं दुकान काढलं. विक्री आणि दुरुस्ती, पुढे स्वतःच्या सायकलीही.

१८९९ च्या जुलैत विल्बरने पाच फूट रुंदीचा दुमजली पतंग केला. त्याला चार दोऱ्या आणि दोन्ही हातांत एकेक काठी. काठ्या उलटसुलट कलवल्या की पंख पिळले जात आणि पतंग हव्या त्या बाजूला कलायचा. आमच्या कंट्रोल लाइनचा हा आजोबाच म्हणायला हवा (हे माझं मत, पुस्तकात शोधू नका). विमान हवेत तोलायचं कसं, या प्रश्नाचं उत्तर त्याला इथे सापडलं.

१९०० मध्ये किटी हॉकच्या वाळूत सतरा फुटी ग्लायडर आलं. ठरवलेल्या मापाचं लाकूड वाटेत मिळालं नाही म्हणून पंख आखूड करावे लागले. मग विल्बरने टेट नावाच्या कुटुंबाच्या घरी शिलाई मशीनवर बसून कापड पुन्हा शिवलं. ग्लायडर बहुतेक वेळ दोऱ्या बांधून पतंगासारखंच उडवायचे. १० ऑक्टोबरला ते जमिनीवर ठेवलेलं असताना वाऱ्याने उचललं आणि दूर फेकलं. एक बाजू पार चेचली, रिब मोडल्या, तारा तुटल्या. सामान बांधून घरी जावं असं दोघांच्या मनात आलं होतं. पण त्यांनी आधी मोडक्या ग्लायडरचा फोटो काढला आणि मग तीन दिवस बसून ते जोडलं. त्या फोटोचं मला फार कौतुक वाटतं. आपण मोडलेली वस्तू लपवतो, यांनी तिची नोंद ठेवली.

१९०२ मध्ये ऑर्विल ग्लायडरसकट पडला, पुन्हा दुरुस्ती. त्याच मोसमात एका रात्री ऑर्विलने जास्त कॉफी प्यायली, झोप आली नाही आणि पडल्या पडल्या त्याला सुचलं की शेपूट हलती करावी. विल्बरने त्यात भर घातली : शेपटीची तार पंखांच्या तारेलाच जोडून टाकू! सबमिशनच्या रात्री जागणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

१४ डिसेंबर १९०३ ला नाणं उडवून पहिली पाळी विल्बरला मिळाली. नाक जास्त वर गेलं आणि साडेतीन सेकंदांत विमान खाली. मोडलेला भाग दुरुस्त होईपर्यंत पाळी ऑर्विलची आली, म्हणून इतिहासात पहिलं नाव त्याचं. १७ तारखेला ऑर्विल १२ सेकंद उडाला. त्याच दिवशी चौथ्या फेरीत विल्बर ५९ सेकंद, ८५२ फूट.

१९०८ मध्ये विल्बर एकटाच फ्रान्सला गेला. ल मां इथे खोकी उघडली तर आत नुसता चुराडा. रिब मोडलेल्या, कापड फाटलेलं, रेडिएटर चेपलेले. भाऊ नीट पॅकिंग करत नाही म्हणून त्याने ऑर्विलला चांगलंच झापणारं पत्र लिहिलं. नंतर कळलं की हा प्रताप कस्टमवाल्यांचा होता. फ्रेंच त्याला येत नव्हतं, फ्रेंच मेकॅनिकांना इंग्लिश येत नव्हतं. जूनपासून तो राबत होता. ४ जुलैला इंजिन चालवून बघताना रेडिएटरची नळी सुटली आणि उकळतं पाणी अंगावर आलं, हात भाजला. पॅरिसची वर्तमानपत्रं तर त्याला थापाड्याच समजत होती. ८ ऑगस्टला तो उडाला, रेसकोर्सवर दोन फेऱ्या, पावणेदोन मिनिटं. टीका करणारे तिथल्या तिथे गप्प झाले.

पुढच्याच महिन्यात अमेरिकेत ऑर्विलचं विमान पंख्याचं पातं तडकून कोसळलं. लेफ्टनंट सेल्फ्रिज गेले, ऑर्विलचा पाय मोडला. विल्बर फ्रान्समध्ये उडतच राहिला. वर्षाच्या शेवटच्या दिवशी तो दोन तासांहून जास्त वेळ हवेत होता.

पुढची वर्षं पेटंटच्या कोर्टकचेऱ्यांत गेली. ३० मे १९१२ रोजी टायफॉइडने तो गेला, अवघ्या ४५ व्या वर्षी.

१७ डिसेंबरच्या त्या चौथ्या फेरीनंतर उभ्या विमानाला वाऱ्याने उलटंपालटं केलं होतं. तेवढं एक विमान मात्र त्याने कधीच जोडलं नाही, ते डेटनमध्ये खोक्यांत पडून राहिलं. १९१३ च्या पुरात ती खोकी चिखलपाण्यात बुडाली. १९१६ मध्ये ऑर्विलने ती उघडली, मोडलेले भाग नवे केले आणि विमान प्रदर्शनासाठी पुन्हा उभं केलं. १९४८ पासून ते स्मिथसोनियनच्या ताब्यात आहे.