अकिलीस

अकिलीस हा ग्रीक पुराणकथांतील वीर व होमरच्या 'इलियड' महाकाव्याचा नायक होय. राजा पेलियस व सागरदेवता थेटिस यांचा हा पुत्र. दीर्घ परंतु अज्ञात आयुष्य नाकारून त्याने अल्पायुष्य व अक्षय कीर्ती स्वीकारली. मित्र पॅट्रोक्लसच्या वधाचा सूड म्हणून त्याने हेक्टरला मारले. पुढे पॅरिसच्या बाणाने त्याचा अंत झाला. बाण टाचेत लागल्याची कथा उत्तरकालीन असून, तीवरून टाचेमागील कंडरेस त्याचे नाव मिळाले. माक्स वोल्फ यांनी १९०६ मध्ये शोधलेला ५८८ क्रमांकाचा लघुग्रहही 'अकिलीस'च. याच नावाची युद्धनौका १९३९ मध्ये रिव्हर प्लेटच्या लढाईत लढली. १९४८ मध्ये ती भारतीय नौदलात 'दिल्ली' या नावाने दाखल झाली आणि १९६१ मध्ये दीव येथील कारवाईत सहभागी झाली.