धर्मानंद कोसंबी : ध्यानमार्ग आणि ग्रंथमार्ग

मराठीतील बौद्धविद्येच्या अभ्यासाचा प्रारंभ धर्मानंद दामोदर कोसंबी यांच्या नावाशी जोडला जातो. हे सर्वमान्य असले तरी या अभ्यासामागची मूळ प्रेरणा पांडित्याची नव्हती, याची दखल पुरेशी घेतली जात नाही. कोसंबींना बुद्धावर ग्रंथ लिहावयाचे नव्हते. त्यांना बुद्धाने दाखविलेल्या मार्गाने दुःखमुक्त व्हावयाचे होते. ग्रंथ पुढे आले, आणि एका अर्थी ते त्या पहिल्या इच्छेच्या आड आले.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील सांखवाळ या गावी एका सारस्वत कुटुंबात त्यांचा जन्म झाला. प्रकृती नाजूक, शालेय शिक्षण अपुरे, घरची उपजीविका नारळीच्या बागायतीवर. पंधराव्या वर्षाच्या सुमारास विवाह झाला. तुकारामाच्या अभंगांनी मनाला काही आधार दिला होता. तथापि खरा पालट झाला तो विनायक कोंडदेव ओक यांच्या ‘बालबोध’ मासिकातील बुद्धचरित्रपर मजकुराने. मुलांसाठी निघणाऱ्या एका मासिकातील काही पानांनी विशीतल्या संसारी माणसाचे आयुष्य पालटावे, ही मराठी नियतकालिकांच्या इतिहासातील लक्षणीय घटना मानावयास हवी. १८९९च्या अखेरीस, पत्नी बाळाबाई आणि तान्ही मुलगी माणिक यांना मागे ठेवून त्यांनी घर सोडले.

या गृहत्यागाकडे सिद्धार्थाच्या महाभिनिष्क्रमणाचे प्रतिबिंब म्हणून पाहण्याचा मोह चरित्रकारांना होतो. तो टाळलेला बरा. सिद्धार्थामागे राजवाडा होता. कोसंबींमागे निर्वाहाची विवंचना असलेले घर. बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली, याविषयी उपलब्ध साहित्य फारसे बोलत नाही, आणि ही उणीव केवळ कोसंबींच्या चरित्रापुरती मर्यादित नाही.

पुणे, ग्वाल्हेर, काशी असा पहिला टप्पा. काशीत अन्नछत्रात जेवून त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. १९०२मध्ये बौद्ध धर्माच्या शोधात ते नेपाळात गेले आणि तेथील स्थिती पाहून निराश झाले. ज्या धर्मासाठी घर सोडले तो त्याच्या जन्मभूमीच्या आसपास जिवंत स्वरूपात उरलेला नाही, ही जाणीव त्यांना बोधगयेमार्गे सिंहलद्वीपाकडे घेऊन गेली. कोलंबोच्या विद्योदय परिवेणात सुमंगलाचार्यांपाशी त्यांनी श्रामणेर दीक्षा घेऊन पालीचा अभ्यास आरंभिला. तेथून मद्रास आणि ब्रह्मदेश. ब्रह्मदेशात भिक्षू होऊन त्यांनी एकांतवासात ध्यानाभ्यास केला.

येथे ‘निवेदन’ (१९२४) या आत्मचरित्राचा अभ्यासक थबकतो. आहाराची अडचण, आजार, प्रवासखर्च, भाषेचा अडसर, भेटलेली माणसे यांविषयी मोकळेपणाने लिहिणारे कोसंबी ध्यानातील अंतरंग अनुभवाविषयी कमालीचे मितभाषी आहेत. मराठी संतपरंपरेने आत्मानुभवाच्या उद्गाराची सवय लावलेल्या वाचकाला हे कोरडे वाटते. परंतु न लाभलेल्या सिद्धीचा दावा करणे हा विनयपिटकाने भिक्षूच्या बाबतीत अतिगंभीर दोष मानला आहे, आणि लाभलेली सिद्धीही अदीक्षितांसमोर उघड करू नये, असा नियम आहे. या पार्श्वभूमीवर ते मौन अनुभवाचा अभाव सिद्ध करीत नाही. तसेच त्यावरून सिद्धीचा तर्क करणेही अयोग्य. चमत्काराला पूर्ण फाटा देणारे आध्यात्मिक आत्मचरित्र मराठीत विरळाच.

१९०६मध्ये ते कलकत्त्यास आले आणि चीवर उतरवून गृहस्थाश्रमात परतले. थेरवादात असे परतणे निषिद्ध नाही. तरीही हा निर्णय लहान नव्हता. आपल्या लोकांत बुद्धाची ओळखच उरली नसताना एकट्याने मुक्ती साधण्याचे प्रयोजन काय, हा प्रश्न त्यामागे असावा असे त्यांच्या पुढील वर्तनावरून दिसते. कलकत्त्यातील पालीच्या अध्यापनाची सोय सोडून सयाजीराव गायकवाडांनी देऊ केलेले दरमहा ५० रुपयांचे वेतन त्यांनी स्वीकारले, ते महाराष्ट्रात राहून मराठीत लिहिता यावे यासाठी. ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ (१९१०) हे त्याचे पहिले महत्त्वाचे फळ.

त्याच वर्षी ते हार्वर्ड विद्यापीठात गेले. बुद्धघोषाचा ‘विसुद्धिमग्ग’ संपादित करण्याचे हेन्री क्लार्क वॉरन यांचे काम त्यांच्या मृत्यूमुळे (१८९९) अपुरे राहिले होते. ते पुरे करावयाचे होते. पाचव्या शतकातील हा ग्रंथ शील, समाधी आणि प्रज्ञा या क्रमाने साधनेची मांडणी करतो. समाधीसाठी ४० कर्मस्थाने सांगतो. ज्या ग्रंथाच्या आधारे साधना करावयाची, त्याच ग्रंथाच्या पाठभेदांत वर्षानुवर्षे गुंतून पडावे लागणे, हा विलक्षण योग होता. श्रेयाच्या प्रश्नावरून लॅनमन यांच्याशी मतभेद होऊन १९१२मध्ये ते परतले. पुढे त्याच कामासाठी पुन्हा अमेरिकेस गेले. मधल्या काळात, १९१२ ते १९१८, फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पाली शिकविली, पु. वि. बापट हे त्यांचे तेथील विद्यार्थी. ‘समाधिमार्ग’ (१९२५) या लहानशा पुस्तकात त्यांनी कर्मस्थानांचे विवेचन सोप्या मराठीत केले. मराठी अभ्यासक्रमांत हे पुस्तक दुर्लक्षित राहिले, ही खेदाची बाब होय.

१९३०च्या मिठाच्या सत्याग्रहातील सहभाग, तुरुंगवास, परळ येथील बहुजन विहार यांचा येथे उल्लेख पुरेसा आहे. मात्र ‘भगवान बुद्ध’मधील एका मताकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. वृद्ध, रोगी व प्रेत पाहून सिद्धार्थ विरक्त झाला, ही कथा कोसंबींनी ऐतिहासिक मानली नाही. ‘सुत्तनिपाता’तील अत्तदंडसुत्ताच्या आधारे त्यांनी शाक्य-कोलियांच्या पाण्यावरील कलहाशी, परस्परांवर शस्त्र उचलणाऱ्या समाजाच्या भयाशी गृहत्यागाचा संबंध जोडला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या बुद्धचरित्रातही (१९५७) रोहिणीच्या पाण्याचा हाच कलह गृहत्यागाच्या मुळाशी येतो. विरक्तीचे कारण शरीराच्या नश्वरतेत न शोधता समाजाच्या हिंसेत शोधणाऱ्या या मांडणीत कोसंबींच्या स्वतःच्या परतीचेही समर्थन सापडते.

उत्तरायुष्यात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माचे त्यांना आकर्षण वाटू लागले. शरीर निरुपयोगी झाले असता अन्नत्यागाने ते सोडावे, या विचाराने त्यांनी १९४६मध्ये दोहरीघाट येथे उपवास आरंभिला. गांधीजींच्या आग्रहामुळे तो थांबविला. पुढील वर्षी सेवाग्राम येथे मात्र त्यांनी अन्न वर्ज्य केले आणि ४ जून १९४७ रोजी देह ठेवला. बुद्धाच्या मध्यम मार्गाशी हा अंत कितपत सुसंगत, हा प्रश्न त्यांच्या चाहत्यांनी बहुधा टाळला आहे. आत्मक्लेशाचा अतिरेक बुद्धाने उरुवेलेत स्वतः अनुभवून टाकून दिला होता, हे कोसंबींहून अधिक कोणास ठाऊक असणार? जैन परंपरेकडून त्यांनी जे स्वीकारले ते समजून-उमजून स्वीकारले, एवढे निश्चित.

‘विसुद्धिमग्गा’ची देवनागरी आवृत्ती भारतीय विद्या भवनाने १९४०मध्ये काढली होती. हार्वर्डची रोमन आवृत्ती प्राच्य ग्रंथमालेत १९५०मध्ये प्रसिद्ध झाली. मुखपृष्ठावर संपादक म्हणून वॉरन आणि संशोधक म्हणून कोसंबी अशी दोन नावे आहेत. ती पाहावयास दोघांपैकी कोणीही हयात नव्हते.