ज्ञानाचे दार

कोल्हापुराहून बेळगावकडे जाणाऱ्या रस्त्याने निघाले, म्हणजे सुमारे वीस किलोमीटरवर कागल हे गाव लागते. दूधगंगेच्या मुलखातील या गावी घाटगे घराण्याची जहागीर होती. याच घराण्यात २६ जून १८७४ रोजी यशवंतराव यांचा जन्म झाला. त्यांचे वडील जयसिंगराव हे कागलचे जहागीरदार आणि आई राधाबाई. यशवंतराव अगदी लहान असतानाच आई निवर्तली. पुढे कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज निपुत्रिक मृत्यू पावले. तेव्हा राणी आनंदीबाईंनी १७ मार्च १८८४ रोजी यशवंतरावांना दत्तक घेतले व त्यांचे नाव शाहू ठेवले. दोनच वर्षांनी जन्मदात्या पित्याचे छत्रही हरपले.

बाल शाहूंचे शिक्षण प्रथम राजकोट येथे व नंतर धारवाड येथे झाले. २ एप्रिल १८९४ रोजी त्यांनी राज्यकारभार हाती घेतला. तेव्हा ते अवघे एकोणीस वर्षांचे होते. राज्याची पाहणी करताना एक गोष्ट त्यांच्या मनाला फार लागली. शाळा व सरकारी नोकऱ्या मोजक्या जातींच्याच हाती होत्या. नांगर धरणारा, कातडे कमावणारा, कपडे शिवणारा अशा कष्टकऱ्यांची मुले अक्षरापासून दूर राहत. ती मुले बुद्धीने उणी नव्हती. मग त्यांची वाट कशाने अडली, याचा महाराजांनी शोध घेतला.

पहिला अडसर राहण्याजेवण्याचा होता. खेड्यातला हुशार मुलगा वरच्या शिक्षणासाठी कोल्हापुरात येई. पण गरिबाला निवारा कोण देणार आणि दोन वेळची भाकरी कोण घालणार? निराश होऊन तो गावी परत जाई. महाराजांनी १८९६ साली सर्व जातींच्या विद्यार्थ्यांसाठी एक वसतिगृह काढले. परंतु जातिभेदाची पकड इतकी घट्ट होती, की एकत्र राहण्याचा तो प्रयत्न यशस्वी झाला नाही. महाराज खचले नाहीत. सर्वांना एका छपराखाली आणणे आज साधत नसेल, तर निदान प्रत्येकाला छप्पर तरी मिळाले पाहिजे, असे त्यांनी ठरविले. १९०१ साली मराठा व जैन वसतिगृहे निघाली. पुढे मुस्लिम, लिंगायत, शिंपी, दैवज्ञ, सारस्वत अशा अनेक समाजांची वसतिगृहे उभी राहिली. ज्यांना त्या काळी अस्पृश्य म्हणत, त्या समाजातील मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क वसतिगृह सुरू झाले. या संस्थांना महाराजांनी जागा दिल्या व पैशाचे साहाय्य केले. कुंभोजचे भाऊराव पाटील याच कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहून शिकले. पुढे १९१९ साली त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. एका दिव्याने दुसरा दिवा लागतो, तो असा.

शिकून बाहेर पडलेल्यांना काम न मिळाले, तर आईबाप मुलाला शाळेत कशाला घालतील? म्हणून २६ जुलै १९०२ रोजी महाराजांनी आज्ञा काढली, की राज्यातील सरकारी नोकऱ्यांपैकी शेकडा पन्नास जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेवाव्यात. पुष्कळांना ती रुचली नाही. विरोध सोसूनही महाराज आपल्या निश्चयापासून ढळले नाहीत.

दुसरा अडसर दारिद्र्याचा होता. मूल शाळेत गेले, तर गुरे कोण राखणार, हा गरिबाच्या घरचा प्रश्न. बडोद्यात सयाजीराव गायकवाड यांनी राज्यभर सक्तीचे शिक्षण सुरू केले होते. परंतु ब्रिटिश मुलखासाठी गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ साली मांडलेले तशाच आशयाचे विधेयक मंजूर झाले नाही. कोल्हापूर हे लहान राज्य. तरीही १९१७ साली महाराजांनी प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मुलाला शाळेत न धाडणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला.

तिसरा अडसर सर्वांत कठीण होता. शाळेत जागा होती, गुरुजी होते. पण अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी शाळाच निराळी होती. सोय होती, परंतु मान नव्हता. १९१९ साली महाराजांनी त्या निराळ्या शाळा बंद केल्या आणि सर्व मुलांना एकाच शाळेत एकत्र बसविण्याची आज्ञा दिली. जे १८९६ साली साधले नव्हते, त्याचा प्रारंभ तेवीस वर्षांनी शाळेच्या वर्गात झाला. दुसऱ्याच वर्षी, मार्च १९२० मध्ये, कागल जहागिरीतील माणगाव येथे अस्पृश्यांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. महाराज स्वतः त्या परिषदेस गेले आणि त्या तरुण विद्वानाचा त्यांनी मनापासून गौरव केला.

महाराजांची खरी कसोटी त्यांच्या स्वतःच्या घरात लागली. १९१८ साली त्यांचा धाकटा पुत्र शिवाजी शिकारीच्या वेळी अपघाताने मरण पावला. मागे राहिली कोवळ्या वयाची सून इंदुमती. रूढीप्रमाणे तिने पडद्याआड दुःखात आयुष्य कंठावयाचे. पुत्रशोकाने महाराजांचे काळीज फाटले होते. तरीही त्यांनी तिला पुस्तके दिली. कोल्हापूरजवळ सोनतळी येथे तिच्या अभ्यासाची व्यवस्था केली आणि निरनिराळ्या जातींच्या मुली तिच्या सोबतीला ठेवल्या. जे रयतेला सांगितले, ते त्यांनी प्रथम आपल्या घरी आचरले. इंदुमतीदेवी पुढे मॅट्रिक झाल्या.

६ मे १९२२ रोजी मुंबई येथे महाराजांचे निधन झाले. त्यांना उणेपुरे अठ्ठेचाळीस वर्षांचे आयुष्य लाभले. पण तेवढ्यात त्यांनी ज्ञानाच्या दाराचे एकेक अडसर काढले.

मुलांनो, आता ज्ञानाची साधने बदलली आहेत. पाटीच्या जोडीला संगणक आला आहे. परंतु नवे साधन आले, म्हणजे ते आपोआप सर्वांचे होत नाही. एका संगणकाभोवती दहा मुले उभी असली, तर कळफलकावर कोणाची बोटे फिरतात आणि मागे उभे राहून नुसते पाहते कोण? ज्याच्या घरी संगणक नाही, जिला डोळ्यांनी दिसत नाही, जो शाळेत नवखा व लाजरा आहे, त्याची पाळी येते का? वर्गात एकच जागा असली, तरी ती पाळीपाळीने सर्वांना मिळाली पाहिजे. शाहू महाराज आज तुमच्या वर्गात आले असते, तर त्यांची दृष्टी पुढे बसलेल्यावर नव्हे, मागे उभ्या असलेल्या त्या मुलावर प्रथम गेली असती.

स्वाध्याय
१. खेड्यातील मुलांच्या शिक्षणाच्या वाटेवर कोणते तीन अडसर होते? महाराजांनी ते कसे दूर केले?
२. १८९६ सालचा प्रयत्न फसल्यावर महाराजांनी कोणता मार्ग धरला?
३. तुमच्या वर्गात मागे राहणारे कोण आहे? त्याला पुढे आणण्यासाठी तुम्ही काय कराल, ते पाच ओळींत लिहा.