कच्चं सोयाबीन पचत का नाही? डाळींचं हे कोडं हातात घेणाऱ्या कमला सोहोनींची गोष्ट

वाशिम जिल्ह्यातलं शिरपूर जैन हे गाव देशभर माहिती आहे ते अंतरिक्ष पार्श्वनाथांच्या मंदिरामुळे. इथली मूर्ती जमिनीला न टेकता अधांतरी आहे, अशी भाविकांची श्रद्धा आहे. गावातून बाहेर पडलं की खरिपात रस्त्याच्या दोन्ही बाजूंना दिसतं सोयाबीन आणि मधेमधे तुरीच्या ओळी.

मांस आणि अंडी वर्ज्य असलेल्या घरात अंगाला लागणारी प्रथिनं येतात ती दुधातून आणि डाळी-कडधान्यांतून. सोयाबीन तर प्रथिनांचं कोठारच. पण हेच सोयाबीन कच्चं खाल्लं तर त्यातली प्रथिनं नीट पचत नाहीत. तेल काढल्यावर उरलेली पेंडसुद्धा उष्णता दिल्याशिवाय कोंबड्यांच्या खाद्यात वापरत नाहीत.

असं का होतं? त्याचं उत्तर दडलंय प्रथिनांमधल्या अगदी बारीक स्पर्शांमध्ये. आणि या कोड्यावर मुंबईत बसून काम केलं होतं एका मराठी बाईने. तिला विज्ञानाच्या दारातच अडवण्यात आलं होतं. तिचं नाव कमला सोहोनी.

पहिला नंबर आला, तरी प्रवेश नाही

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११ चा, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव हे दोघंही रसायनशास्त्रज्ञ, दोघंही बंगळुरूच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेले. हीच संस्था म्हणजे आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स. थोरली बहीण म्हणजे लेखिका दुर्गा भागवत. आणीबाणीच्या काळात कराडच्या साहित्य संमेलनाच्या व्यासपीठावरून सरकारला सुनावणाऱ्या त्याच दुर्गाबाई. थोडक्यात काय, तर ताठ कणा हा या घरचा वारसाच होता.

१९३३ साली कमलाबाई मुंबई विद्यापीठातून बीएस्सी झाल्या. मुख्य विषय रसायनशास्त्र, गुणवत्ता यादीत पहिल्या. पुढचं शिक्षण वडील-काकांच्या संस्थेत घ्यायचं हे ठरलेलंच होतं. त्यांनी अर्ज केला आणि तो फेटाळला गेला.

तेव्हा संस्थेचे संचालक होते नोबेल विजेते सर सी. व्ही. रामन. मुलींना संशोधनासाठी घ्यायचं नाही, हे त्यांचं मत होतं. दुसरी एखादी मुलगी असती तर रडून घरी बसली असती. कमलाबाई बंगळुरूला गेल्या आणि रामन यांच्यासमोर अडून बसल्या. काळ गांधीजींचा होता, सत्याग्रह हा शब्द घराघरात पोहोचला होता. प्रवेश का नाही, याचं कारण त्यांना हवं होतं.

अखेर रामन नमले, पण अटी घालून. पहिलं वर्षभर त्या रीतसर विद्यार्थिनी मानल्या जाणार नव्हत्या. संचालकांना काम पटलं तरच त्याला मान्यता मिळणार होती. आणि त्यांच्या असण्यामुळे पुरुष संशोधकांचं लक्ष विचलित होता कामा नये, अशीही अट होती. हा अपमान कमलाबाई आयुष्यभर विसरल्या नाहीत. पण तेव्हा त्यांनी अटी मान्य केल्या आणि कामाला लागल्या.

मार्गदर्शक श्रीनिवासय्या कडक शिस्तीचे, पण शिकवण्यात हात राखून ठेवणारे नव्हते. त्यांच्या हाताखाली कमलाबाईंनी दुधातल्या आणि डाळी-कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम सुरू केलं. वर्षभरात रामन यांची खात्री पटली. १९३६ साली कमलाबाई एमएस्सी झाल्या आणि त्यांच्यामुळे त्या संस्थेचं दार पुढच्या मुलींसाठी उघडलं.

केंब्रिज आणि बटाटा

१९३७ साली त्या केंब्रिजला पोहोचल्या. फ्रेडरिक हॉपकिन्स यांच्या जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत जागा नव्हती. मग डेरेक रिक्टर या संशोधकाने दिवसा वापरायला जागा करून दिली. पुढे त्या रॉबिन हिल यांच्यासोबत वनस्पतींच्या पेशींवर काम करू लागल्या.

तिथे बटाट्यावर काम करताना त्यांच्या हाती लागलं सायटोक्रोम सी. पेशीला ऊर्जा मिळते त्या साखळीत इलेक्ट्रॉन एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवणारं हे छोटं प्रथिन. प्राण्यांमध्ये ते माहिती होतं. वनस्पतींच्या पेशीही श्वसनासाठी तेच वापरतात, हे कमलाबाईंच्या कामातून पुढे आलं. अवघ्या १४ महिन्यांत काम पूर्ण झालं. प्रबंध होता फक्त ४० पानांचा. १९३९ साली पीएचडी मिळाली. विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय महिला म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं.

गंमत बघा. त्याच वर्षांत त्याच केंब्रिजमध्ये मॅक्स पेरुट्झ नावाचा तरुण प्रथिनांच्या स्फटिकांवर क्ष-किरण सोडून फोटो काढत होता. प्रथिन आतून दिसतं कसं, हे तेव्हा जगात कुणालाच माहिती नव्हतं. पहिल्या प्रथिनाची रचना दिसायला १९५८ साल उजाडलं. म्हणजे कमलाबाई ज्यांच्यावर काम करत होत्या, त्या रेणूंचा चेहरा त्यांनी पाहिलेलाच नव्हता.

रेसिड्यूंचा कॉन्टॅक्ट म्हणजे नक्की काय?

प्रथिन म्हणजे मण्यांची माळ. हे मणी २० प्रकारचे, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. माळेत ओवलेल्या एकेका मण्याला शास्त्रज्ञ रेसिड्यू म्हणतात. माळ सरळ राहत नाही, ती स्वतःभोवती गुंडाळली जाते. त्यामुळे माळेत एकमेकांपासून लांब असलेले मणी प्रत्यक्षात शेजारी येतात.

कुठला मणी कुणाला टेकलाय, हे शोधायची रीत साधी आहे. स्फटिकावरून प्रत्येक अणूची जागा कळली की अंतरं मोजायची. दोन रेसिड्यूंच्या अणूंमध्ये साधारण ४ ते ५ अँगस्ट्रॉमपेक्षा कमी अंतर असेल, तर त्यांचा कॉन्टॅक्ट आहे असं धरतात. एक अँगस्ट्रॉम म्हणजे एका सेंटीमीटरचा दहा कोटीवा भाग. अणू फार जवळही येऊ शकत नाहीत. या मर्यादेवरूनच चेन्नईच्या जी. एन. रामचंद्रन यांनी १९६३ साली प्रथिनाची साखळी कुठे वळू शकते आणि कुठे नाही, याचा नकाशा मांडला. तो आजही जगभर वापरतात.

कमलाबाईंच्या सायटोक्रोम सी चंच उदाहरण घ्या. घोड्याच्या हृदयातल्या या प्रथिनात १०४ रेसिड्यू आहेत. मधोमध लोहाचा अणू बसलाय. त्याला एका बाजूने धरलंय १८ व्या रेसिड्यूने आणि दुसऱ्या बाजूने ८० व्याने. माळेत या दोघांमध्ये ६१ मणी आहेत, पण रचनेत ते एकाच अणूच्या दोन बाजूंना उभे आहेत. १९८३ साली तांदळातल्या सायटोक्रोम सी ची रचना प्रसिद्ध झाली. लोहाला तसंच धरणारी तीच घडण वनस्पतीतही दिसली.

वालाचे स्फटिक

शिक्षण संपवून कमलाबाई १९३९ साली भारतात परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजमध्ये शिकवलं, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत काम केलं. १९४७ साली एम. व्ही. सोहोनी यांच्याशी लग्न झालं आणि त्या मुंबईला आल्या. इथल्या इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये जीवरसायनशास्त्राच्या नव्या विभागात त्या प्राध्यापक झाल्या.

संशोधनाचे विषय त्यांनी निवडले ते गरिबाच्या ताटातले. कडधान्यं, भाताचं पीठ, नीरा. नीरेवर काम करण्याची सूचना तर राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांची होती. कुपोषित आदिवासी मुलांना आणि गरोदर बायकांना नीरेचा फायदा होऊ शकतो, हे या कामातून दिसलं आणि त्यासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

पण डाळींचं कोडं त्यांनी बंगळुरूपासून सोडलं नव्हतं. आपल्या आतड्यात ट्रिप्सिन नावाचं एन्झाइम असतं. ते प्रथिनांच्या माळा कापतं. कच्च्या कडधान्यांमध्ये या कात्रीला अडवणारी प्रथिनं असतात. सोयाबीनमधलं असं प्रथिन अमेरिकेत मोझेस कुनिट्झ यांनी १९४० च्या दशकात स्फटिकरूपात मिळवलं होतं. मुंबईत कमलाबाईंच्या गटाने भारतीय खाद्यपदार्थांमध्ये ही प्रथिनं शोधली. १९५५ साली त्यांनी सहकाऱ्यासह नेचर या नियतकालिकात वाल आणि डबल बी यांतल्या अशा प्रथिनांचे स्फटिक मिळाल्याचं जाहीर केलं. ज्या वालाची आपण उसळ करतो, तोच वाल.

कात्री अडते कशी?

हे नेमकं कळायला १९७० चं दशक यावं लागलं. ट्रिप्सिन आणि त्याला अडवणारं सोयाबीनचं प्रथिन एकमेकांना चिकटलेल्या अवस्थेत शास्त्रज्ञांनी पाहिलं आणि दोघांमधले कॉन्टॅक्ट मोजले.

ट्रिप्सिनमध्ये एक खोल खिसा असतो. त्याच्या तळाशी १८९ या क्रमांकाने ओळखलं जाणारं ॲस्पार्टिक आम्ल असतं, ऋण भाराचं. म्हणून या खिशात धन भाराचे दोनच मणी नीट बसतात, लायसिन आणि आर्जिनिन. ट्रिप्सिन त्यांच्याच पुढे माळ कापतं. सोयाबीनचं प्रथिन काय करतं? आपलं ६३ वं रेसिड्यू, म्हणजे आर्जिनिन, बरोबर त्या खिशात घालतं. कात्रीला वाटतं खाद्य आलं. पण आजूबाजूची अनेक रेसिड्यू इतकी घट्ट टेकलेली असतात की कापणं पूर्ण होत नाही आणि सुटकाही होत नाही. कात्री अडकून पडते.

शिजवल्यावर काय होतं, तेही यातूनच कळतं. उष्णतेने प्रथिनाच्या आतले कॉन्टॅक्ट सुटतात, घडी मोडते, खिशात बसणारा आकारच उरत नाही. कडधान्यांमधली यातली काही प्रथिनं गंधकाच्या बंधांनी जास्तच पक्की बांधलेली असतात, ती उष्णतेलाही लवकर दाद देत नाहीत. त्यामुळे वाल भिजवून, मोड आणून, सोलून, नीट शिजवायची आपल्याकडची पद्धत उगाच पडलेली नाही.

शेवटपर्यंत ग्राहकाच्या बाजूने

इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचं संचालकपद कमलाबाईंना मिळालं, पण उशिरा. १९६६ साली मुंबईत कन्झ्युमर गायडन्स सोसायटी स्थापन झाली, तेव्हा सुरुवात करणाऱ्या बायकांमध्ये त्या होत्या. घरच्या घरी भेसळ कशी ओळखायची, हे त्यांनी लोकांना शिकवलं. पुढे त्या संस्थेच्या अध्यक्षाही झाल्या.

१९९८ साली भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने दिल्लीत त्यांचा सत्कार ठेवला. त्या कार्यक्रमातच त्या कोसळल्या आणि काही दिवसांनी, २८ जूनला, त्यांचं निधन झालं.

आज कुठलाही विद्यार्थी कॉम्प्युटरवर ट्रिप्सिनची रचना उघडून १८९ नंबरच्या रेसिड्यूला कोण टेकलंय, हे काही सेकंदांत पाहू शकतो. कमलाबाईंच्या हातात होतं ते मुठभर वाल, काचेची भांडी आणि चिकाटी. आणि हे सगळं त्यांनी केलं, ते बाईचं काम संशोधन नव्हे असं ऐकून घेतल्यावर.