विसरणाऱ्या बाईजवळ बसलेला डॉक्टर

आमच्या गोडदेवला एक आजी सुनेलाच ओळखत नाहीत. सून म्हणते, मुद्दाम करतात. खरं सांगू? मलाही तसंच वाटायचं. मग डॉ. आलोइस अल्झायमर यांच्याविषयी वाचलं.

जन्म १८६४चा, जर्मनीतला. १८८८पासून ते फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात होते. १९०१ साली पत्नी सेसिली वारली, पदरी तीन लहान मुलं. त्याच नोव्हेंबरात ५१ वर्षांची ऑगुस्ट डेटर दाखल झाली. स्वतःचं नाव लिहिता लिहिता ती विसरायची. घरी एवढं दुःख, तरी हा माणूस तिच्याजवळ बसून प्रश्न विचारायचा, उत्तरं टिपून ठेवायचा. पुढे ते म्युनिकला गेले, तरी तिची चौकशी सुटली नाही. १९०६मध्ये ती गेल्यावर त्यांनी तिचा मेंदू मागवून तपासला. पेशींबाहेर गुठळ्या, आत धाग्यांचा गुंता! ट्युबिंगनच्या सभेत हे सांगितलं, तर कुणी एक प्रश्नही विचारला नाही. आजाराला त्यांचं नाव मिळालं १९१०मध्ये, क्रेपेलिन यांच्या ग्रंथातून. १९१५ साली अल्झायमर गेले, तेही ५१व्या वर्षीच.

आज एमआरआयवर कळतं की या आजारात मेंदूच्या भागांमधला संपर्कच तुटत जातो. स्टेशनं उभी, पण लोकल बंद, तसं. पुढे पेशीही मरतात.

सुनेला हे सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. आजींचा चहा मात्र तिने बशीत ओतून, फुंकून दिला.