‘छत्तीसगढ मित्र’कार माधवराव सप्रे

पंडरीच्या कापडबाजारात खरेदीस गेलेल्या मराठी गृहिणीच्या तोंडून घटकाभरात दोन-तीन भाषा सहज बाहेर पडतात. लेकीशी मराठी, दुकानदाराशी हिंदी आणि खेड्यातून आलेल्या बाईशी जमेल तशी छत्तीसगढी. आपणां परप्रांतस्थ मराठी मंडळींचे हे नित्याचे जीवन आहे. दोन भाषांच्या या संसारात एकीची सेवा करिताना दुसरीशी प्रतारणा होते काय, हा प्रश्न आपल्या मनात अधूनमधून डोकावतो. या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी आपल्या आयुष्याने दिले, ते कै. माधवराव सप्रे याच रायपूरचे होत.

माधवरावांचा जन्म 19 जून 1871 रोजी दमोह जिल्ह्यातील पथरिया येथे एका मराठी ब्राह्मण कुटुंबात झाला. बिलासपूर व रायपूर येथे शिक्षण घेऊन पुढे ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधराला सरकारी नोकरी दुर्लभ नव्हती. परंतु त्यांनी ती वाट धरली नाही. पेंड्र्याच्या राजकुमारांना शिकविण्याचे काम पत्करून, त्यातून शिल्लक पडलेल्या पैशाच्या आधारे जानेवारी 1900 मध्ये त्यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक सुरू केले. वामनराव लाखे व रामराव चिंचोळकर हे त्यांचे सहकारी. तिघेही मराठी, आणि मासिक मात्र हिंदी! रायपूरचे लाखेनगर आजही वामनरावांचे नाव चालवीत आहे.

पेंड्र्याला छापखाना नव्हता. अंक आरंभी रायपुरात व नंतर नागपुरात छापून घ्यावा लागे. वर्गणीदार थोडे, त्यांतही वर्गणी वेळेवर पाठविणारे त्याहून थोडे. मासिक सतत तोट्यात चालले आणि 1902 च्या अखेरीस बंद पडले. अवघे तीन वर्षांचे आयुष्य! परंतु त्या तीन वर्षांच्या अंकांकडे आज मागे वळून पाहिले, तर त्यांचे मोल ध्यानी येते. श्रीधर पाठकांसारख्या नामांकित कवीच्या ग्रंथांचेही भीड न धरिता गुणदोषविवेचन त्यात झाले. हिंदीतील ग्रंथसमीक्षेचा पाया घालणाऱ्यांत म्हणूनच सप्र्यांची गणना होते. 1901 साली त्यात आलेली त्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही छोटी कथा अनेक दशकांनंतर अभ्यासकांच्या दृष्टीस पडली आणि हिंदीतील पहिल्या कथांत तिला मान मिळाला. विधवेची झोपडी बळकावणाऱ्या जमीनदाराला तिथल्या मातीची एक टोपलीही उचलवत नाही आणि अखेर त्याला पश्चात्ताप होतो, अशी ती कथा.

असेच ओझे पुढे लेखकाच्याच वाट्याला यावे, हा दैवाचा खेळ. 1907 मध्ये लोकमान्यांच्या ‘केसरी’चे विचार हिंदी वाचकांपुढे मांडण्यासाठी सप्र्यांनी नागपुरात ‘हिंदी केसरी’ काढला. ऑगस्ट 1908 मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना अटक झाली. लोकमान्यांना सहा वर्षांची शिक्षा नुकतीच झाली होती. कुटुंबीयांच्या आग्रहापुढे नमून सप्र्यांनी क्षमापत्रावर सही केली व ते सुटले. ती सही त्यांच्या अंतःकरणाला जन्मभर सलत राहिली. सार्वजनिक जीवन सोडून ते वर्ध्याजवळ हनुमानगढ येथील रामदासी मठात गेले आणि भिक्षान्नावर राहू लागले.

तेथे त्यांना समर्थांनी सावरले. ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. पुढे लोकमान्यांचे ‘गीतारहस्य’ आणि चिंतामणराव वैद्यांचा महाभारतविषयक ग्रंथ यांचेही हिंदी अनुवाद त्यांच्याच हातून झाले. ज्या थोर पुरुषाच्या कार्यात आपण उणे पडलो असे त्यांना वाटले, त्याचाच ग्रंथ त्यांनी हिंदी घराघरांत पोहोचविला. याहून उचित प्रायश्चित्त कोणते? जबलपूरच्या ‘कर्मवीर’मागेही त्यांचीच प्रेरणा होती. 1924 मध्ये देहरादून येथील हिंदी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद या मराठीभाषी साहित्यसेवकाला मिळाले. 23 एप्रिल 1926 रोजी रायपूर येथे त्यांचे देहावसान झाले.

रायपुरात त्यांच्या नावाची शाळा आहे, भोपाळला 1984 पासून वृत्तपत्रांचे संग्रहालय आहे. पण आपल्यासाठी त्यांचे स्मारक आणखी एक आहे. माहेरच्या भाषेतील उत्तम ते सासरच्या भाषेला द्यावे आणि दोन्ही घरे संपन्न करावीत, हा त्यांनी घालून दिलेला धडा. घरच्या कपाटातील ‘दासबोध’ मुलांच्या हाती देताना माधवरावांची ही कहाणीही आपण त्यांना अवश्य सांगावी.