विश्लेषण : मुंबईतील शोधामुळे बाळांच्या मणक्याचे रक्षण कसे झाले? कोण होत्या लुसी विल्स?

फोलिक अ‍ॅसिडची गोळी म्हणजे गरोदरपणातील रक्तवाढीची गोळी, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात बाळाच्या मणक्यातील जन्मजात दोष टाळण्यातही तिचा मोठा वाटा आहे. या गोळीमागचे संशोधन सुमारे शंभर वर्षांपूर्वी मुंबईत झाले. ते करणाऱ्या डॉक्टर होत्या लुसी विल्स.

कोण होत्या लुसी विल्स?

विल्स यांचा जन्म १० मे १८८८ रोजी बर्मिंगहॅमजवळ झाला. केंब्रिजच्या न्यूनहॅम कॉलेजमध्ये त्यांनी वनस्पतिशास्त्र आणि भूगर्भशास्त्राचा अभ्यास केला. मात्र, त्या काळी केंब्रिज विद्यापीठ महिलांना पदवी देत नसे. पुढे १९२० मध्ये लंडनमधून त्या डॉक्टर झाल्या.

मुंबईत काय घडले?

मुंबईतील गरीब गर्भवतींना एक गंभीर अ‍ॅनिमिया होत होता. त्यात गिरणी कामगार महिलाही होत्या. त्याचे कारण शोधण्यासाठी विल्स १९२८ मध्ये भारतात आल्या आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम करू लागल्या. आधी जंतुसंसर्गाची शक्यता तपासली गेली. मात्र, विल्स यांनी या महिलांच्या जेवणाकडे लक्ष दिले. तसाच निकृष्ट आहार दिलेल्या प्राण्यांमध्येही अ‍ॅनिमिया दिसला. मग आजारी माकडाला मार्माइट, म्हणजे यीस्टचा स्वस्त अर्क दिला आणि ते सुधारले. रुग्ण महिलांनाही गुण आला. १९३१ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. यीस्टमधील त्या अज्ञात घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हटले जाऊ लागले. १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून फोलिक अ‍ॅसिड वेगळे करण्यात आले. तोच हा घटक.

मणक्याशी संबंध काय?

गर्भाचा मेंदू आणि मज्जारज्जू एका नळीपासून तयार होतात. गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत ही नळी बंद होते. पाठीकडचा भाग उघडा राहिला, तर ‘स्पायना बिफिडा’ होतो. त्यामुळे पायांतील ताकद आणि लघवी-शौचावरील नियंत्रण जाऊ शकते.

विल्स यांचे १९६४ मध्ये निधन झाले. फोलेटची कमतरता आणि हे दोष यांचा संबंध असावा, अशी मांडणी १९६५ मध्ये झाली. ती पाहायला त्या नव्हत्या. १९९१ मध्ये सात देशांतील चाचणीचा निकाल आला. आधीच्या गर्भात असा दोष आढळलेल्या महिलांमध्ये फोलिक अ‍ॅसिडमुळे त्याची पुनरावृत्ती ७२ टक्क्यांनी घटली.

गोळी कधी सुरू करावी?

अनेकींना गर्भधारणा झाल्याचे कळेपर्यंत ही नळी बंद झालेली असते. म्हणूनच मूल होण्याचा विचार सुरू होताच रोज ४०० मायक्रोग्रॅम फोलिक अ‍ॅसिड घ्यावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटना करते. आधीच्या बाळात असा दोष असल्यास जास्त मात्रा लागते. ती डॉक्टरच ठरवतात. गोळीने सर्वच दोष टळत नाहीत, पण ती उशिरा सुरू केली तर या दोषापासून बचावाची संधी निघून जाते.